‘न’ आणि ‘ण’वरून माणूस ठरवण्याची माझी सवय कशी सुटेल?

गणिताच्या बाई

नमस्कार. पुण्यातल्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत मी गेली २३ वर्षे गणित शिकवते आणि गेली ६ वर्षे नव्या शिक्षकांच्या निवड समितीतही असते. माझ्यातला एक दोष मला फार उशिरा दिसला. तो कसा घालवावा हे एकटीला उमगत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माणूस बोलू लागला की पहिल्या दोन-तीन वाक्यांतच माझा कान ‘न’ आणि ‘ण’ तपासतो. समोरच्याने ‘पाणी’ला ‘पानी’ किंवा ‘आपण’ला ‘आपन’ म्हटले की त्याचे शिक्षण, त्याच्या घरचे वळण, त्याचा कामातला नेमकेपणा हे सगळे माझ्या मनात ठरून जाते. मी कोणाला तोंडावर काही बोललेली नाही, आणि म्हणूनच मी कोणाचे काही बिघडवले नाही असे मी इतकी वर्षे धरून चालले होते.

दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात आमच्याकडे गणिताच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातले एक उमेदवार होते. दहावीच्या उन्हाळी वर्गाला आलेल्या मुलांपुढे त्यांनी नमुना पाठ घेतला आणि उजळणी म्हणून नववीचे दूरस्थ आंतरकोनांचे प्रमेय निवडले, म्हणजे त्रिकोणाचा बाह्यकोन हा दूरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो, हे. त्यांनी जाड कागदाचा एक त्रिकोण फळ्यावर चिकटवला, त्याची एक बाजू खडूने पुढे वाढवली, दूरचे दोन कोपरे हाताने फाडले आणि ते बाह्यकोनात शेजारी शेजारी ठेवून दाखवले. दोन्ही तुकडे तेथे नेमके बसले. मागच्या बाकावरची दोन मुले उठून पुढे आली आणि त्यांनी स्वतः ते तुकडे पुन्हा लावून पाहिले. हे मी डोळ्यांनी पाहिले. मात्र कानाने मी काय ऐकत होते, तर ‘कोन सांगेल?’, ‘आपन बघू’, ‘कोनाला समजलं नाही?’ मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : ‘विषयाची तयारी चांगली, उच्चार सदोष.’ चर्चेच्या वेळी समितीत ज्येष्ठ म्हणून मी प्रथम बोलले आणि माझ्यानंतर कोणी वेगळे बोलले नाही. ज्यांची निवड झाली त्यांचा पाठ कोणत्या घटकावर होता हेही आज मला आठवत नाही.

यंदा दिवाळीत चिंचवडला राहणारी माझी भाची मुक्कामी आली होती. भूमितीला घाबरणारी ही मुलगी. तिने माझ्या टेबलावरचा कागद घेतला, त्रिकोण कापला, दोन कोपरे फाडले आणि बाह्यकोनात बसवून मला दाखवले. ‘आमच्या क्लासचे सर असं दाखवतात,’ ती म्हणाली. मी सरांची चौकशी केली आणि ते तेच निघाले. न राहवून मी विचारले, की सरांचे बोलणे समजायला अडचण येत नाही का. ती म्हणाली, ‘सर कोन म्हणतात तेव्हा कधी तो अँगल असतो आणि कधी हू असतं, पण आम्हाला कळतं की.’ तिला त्यात सांगण्यासारखे काही वाटलेच नाही आणि ती पुन्हा कागद कापू लागली.

ही सवय मला घरातून लागली. जेवताना पाणी मागितले आणि ‘ण’ नीट आला नाही, तर वडील म्हणत, ‘पाणी म्हण, मग मिळेल.’ त्यांचा हेतू प्रेमाचाच होता आणि त्यांच्या शिकवणीचा मला आयुष्यभर उपयोग झाला. पण त्या शिकवणीबरोबर माणसे मोजण्याचे एक मापही माझ्या हाती आले, आणि ते मी भाजीवाल्या मावशींपासून मुलांच्या पालकांपर्यंत सर्वांना लावत आले.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कानाची ही सवय सुटते का? शिक्षकाच्या बोलण्याचा विचार समितीने मुळीच करू नये, की त्याला काही मर्यादेत जागा आहे? आणि त्या सरांना भेटून मी काही सांगावे का?

पूर्णाकाठ

ताई, मी अकोला जिल्ह्यातला. ठाण्यात २१ वर्षे झाली, अभियंता आहे. तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस थांबलो, कारण पहिल्या दिवशी लिहिले असते तर रागाने लिहिले असते.

अभियांत्रिकीला पुण्यात आलो तेव्हा पहिल्याच सत्रात वर्गापुढे उभे राहून बोलायचे होते. ‘आपन’ म्हणालो आणि मागून कोणीतरी हसले. त्या रात्रीपासून मी वसतिगृहाच्या गच्चीवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागलो. जीभ मागे वळवायची, टाळूला लावायची आणि ‘ण’ म्हणायचे. तीन महिन्यांनी मला ‘ण’ येऊ लागला, पण तो कोठे लावायचा हे कळेना. मग मी ‘मन’ला ‘मण’ म्हणू लागलो, झाडाच्या ‘पाना’ला ‘पाण’ म्हणू लागलो, आणि मुले अधिक हसू लागली. ज्याला घरातून ‘ण’ मिळाला त्याला ही दुसरी फजिती ठाऊकच नसते. शेवटी मी शब्दांची वही केली. एका बाजूला ‘न’चे शब्द आणि दुसऱ्या बाजूला ‘ण’चे. ती वही मी नोकरी लागेपर्यंत जपली. याच काळात इतर मुले जे वाचत होती ते माझे वाचायचे राहून गेले.

आता माझे बोलणे ऐकून कोणी माझे गाव ओळखत नाही. परंतु आई ठाण्याला येते तेव्हा पाहुणे आले की ती स्वयंपाकघरात जाऊन बसते. एकदा मी तिला बाहेर येऊन बस म्हटले, तर ती म्हणाली, ‘म्या बोललं त लोक तुले हासतीन.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाहेर ऊन आहे, टोपी घाल, असे सांगावे तसे तिने ते सांगितले. मी तिला कधीही गप्प राहा म्हटलेले नाही. मी स्वतःचे बोलणे बदलले, ते पाहून तिने काय समजायचे ते समजून घेतले.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती लपवली तर वर लिहिलेले सगळे अर्धवट ठरेल. ठाण्यात आल्यावर आमच्या इमारतीतल्या आगरी शेजाऱ्यांनी ‘घोडा’ला ‘घोरा’ म्हटले, तेव्हा मी हसलो होतो. वसतिगृहात माझ्यावर हसलेल्या त्या मुलाचेच हसू माझ्या तोंडावर होते. त्यामुळे ही सवय केवळ पुण्याची आहे असे मी म्हणणार नाही. वरच्या पायरीवर पोहोचलेला माणूस खालच्या पायरीकडे कसे पाहायचे हे फार लवकर शिकतो.

‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ या शब्दांविषयीही सांगायला हवे. आपल्याकडे हे शब्द भाषेला लावले जातात त्याच्या कितीतरी आधीपासून माणसांना लावले गेले आहेत, त्यांच्या स्पर्शाला, त्यांच्या पाण्याला. म्हणून ‘तुझा उच्चार अशुद्ध आहे’ असे ऐकणाऱ्याला त्यात उच्चारापलीकडचे बरेच काही ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात ते नसले, तरी येते.

सरांना भेटण्याबद्दल माझे मत असे आहे, की तुमचे मन हलके व्हावे यासाठी जाऊ नका. आपण का नाकारले गेलो हे त्यांना बहुधा तेव्हाच कळलेले असणार. तुम्ही जाऊन ते सांगितलेत, तर तुम्हाला बरे वाटावे म्हणून काहीतरी चांगले बोलण्याचे ओझे त्यांच्यावर पडेल.

भाषेचा विद्यार्थी

मी भाषाशास्त्रात एम. ए. केले आहे. पूर्णाकाठ यांनी लिहिले त्यापुढे माझे सांगणे कोरडे वाटेल, परंतु ज्या मापाने आपण माणसे मोजतो ते माप कसे तयार झाले हे कळले, तर त्याचा धाक कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

‘पाणी’ हा शब्द संस्कृत ‘पानीय’पासून आला, आणि ‘पानीय’मध्ये ‘न’ आहे. महाराष्ट्री प्राकृतात ‘न’चा ‘ण’ झाला, ‘पाणिअ’ असे रूप आले आणि त्यातून आपले ‘पाणी’ झाले. ‘नवनीत’चे ‘लोणी’ झाले तेही याच वाटेने. ‘जन’ हा शब्द आपण संस्कृतातून जसाच्या तसा घेतला, आणि त्याच शब्दाचे झिजलेले रूप ‘चार जण’ म्हणताना वापरतो. म्हणजे आज ज्याला आपण शुद्धतेची खूण समजतो तो ‘ण’ एके काळी संस्कृत जाणणाऱ्याच्या कानाला बिघाडच वाटला असणार. उलट दिशेची उदाहरणेही आहेत. संस्कृत ‘कर्ण’चा मराठीत ‘कान’ झाला, ‘पर्ण’चे ‘पान’ झाले, ‘सुवर्ण’चे ‘सोने’ झाले. येथे मूळचा ‘ण’ गेला आणि ‘न’ आला, तरी ‘कान’ म्हणणाऱ्याला कोणी अशुद्ध ठरवत नाही. यावरून वऱ्हाडी माणसाने ‘पानी’ म्हणून संस्कृत जपले, असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही, कारण बोलीतला हा बदल स्वतंत्रपणे आणि नंतर झालेला असू शकतो. ‘ण’चा ‘न’ होणे आणि ‘न’चा ‘ण’ होणे या दोन्ही गोष्टी मराठीच्या घडणीत आहेत, आणि त्यांतल्या कोणत्या मानाच्या ठरल्या हे ध्वनींनी ठरवलेले नाही. १९व्या शतकात शालेय पुस्तके तयार होऊ लागली तेव्हा पुण्यामुंबईच्या शिकलेल्या वर्गाचे बोलणे पायाला धरले गेले. अकोल्यात छापखाने आणि शिक्षणखाते असते, तर डोळ्याला ‘डोया’ म्हणणे प्रमाण ठरले असते.

बाई, तुमच्या विषयातलेच उदाहरण पाहा. आपली पाठ्यपुस्तके ‘त्रिकोण’ लिहितात आणि त्याच वाक्यात ‘कोन’ लिहितात. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते, हे वाक्य तुम्ही हजार वेळा फळ्यावर लिहिले असेल. संस्कृतात मूळ शब्द ‘कोण’ आहे. प्रमाण मराठीने तो एका ठिकाणी ठेवला आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचा ‘न’ केला. हा ‘न’ तुमच्या कानाला खटकत नाही, कारण तो पुस्तकात छापलेला आहे.

आता ऐकणाऱ्याविषयी. कॅनडातल्या माँट्रियल शहरात वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला आणि तो १९६० मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या माणसांकडून त्यांनी एकच मजकूर दोन्ही भाषांत वाचून घेतला. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र प्रत्येक आवाज वेगळ्या माणसाचा आहे असे वाटू दिले आणि त्या आवाजांवरून माणसांविषयीचे मत मागितले. तोच माणूस इंग्रजीत बोलला की ऐकणाऱ्यांना अधिक बुद्धिमान, अधिक भरवशाचा, इतकेच नव्हे तर अधिक उंच वाटला. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. ज्यांची मातृभाषा फ्रेंच होती त्या विद्यार्थ्यांनीही बहुतेक गुणांत इंग्रजी आवाजालाच वरचे स्थान दिले. पूर्णाकाठ यांच्या आई पाहुण्यांसमोर आत का जातात, याचे उत्तर मला त्यात दिसते.

सवय सुटते का, हा तुमचा पहिला प्रश्न. कानाला फरक ऐकू येणे थांबणार नाही, आणि ते थांबवण्याचे कारणही नाही. ऐकू येणे आणि त्यावरून ठरवणे यांच्यामध्ये थोडी जागा तयार करता येते. मी बोलींच्या ध्वनिमुद्रणाचे काम काही महिने केले. तेव्हा लोक काय सांगत आहेत ते अक्षरशः उतरवून घ्यावे लागे. पहिल्या आठवड्यात मला ‘ळ’च्या जागचा ‘य’ सारखा टोचत होता. दुसऱ्या महिन्यात मी त्यांच्या विहिरींची आणि लग्नांची गोष्ट ऐकत होतो.

निवृत्त मुख्याध्यापक

मी सांगली जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळांत ३४ वर्षे नोकरी केली. वरचे सर्व लेखन मी आदराने वाचले, तरीही एक वेगळी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

माझ्या शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी प्रमाण मराठी बोलली जात नसे. त्यांना ती मिळण्याची एकमेव जागा म्हणजे शाळा. ज्या मुलाच्या घरात पुस्तके आहेत आणि आईवडील शिकलेले आहेत, त्याला शिक्षकाने ‘पानी’ म्हटल्याने काहीही तोटा होत नाही, कारण ते मूल घरी जाऊन ‘पाणी’ ऐकते. तोटा होतो तो दुसऱ्या मुलाचा. ते शिक्षकाचे ऐकून उत्तरपत्रिकेत ‘पानी’ लिहिते, त्याचे गुण जातात, पुढे अर्जात तीच चूक होते आणि तो अर्ज तुमच्यासारख्याच एखाद्या समितीपुढे जातो. सर्व बोली समान आहेत असे सांगून आपण त्या मुलाला मोकळे सोडले, तर जगाने मोजण्याचे थांबवलेले नसते, आपण फक्त त्याला त्या मापाची ओळख करून देत नाही. पूर्णाकाठ यांनी गच्चीवर एकट्याने जे केले ते त्यांच्या शाळेने पाचवीतच प्रेमाने करून घेतले असते, तर त्यांची ती वर्षे वाचली असती.

म्हणून शिक्षकाला प्रमाण भाषा आली पाहिजे, हा आग्रह मी सोडणार नाही. मात्र येथे एक भेद करायला हवा. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले जे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये ज्यांत चारांची भर पडून १८ झाले, ते लेखनाचे नियम आहेत. त्यांतही पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ असे लिहायला मोकळीक आहे, म्हणजे बोलणे आणि लिहिणे वेगळे असते हे नियम करणाऱ्यांनी मानलेलेच होते. त्या उमेदवारांनी फळ्यावर काय लिहिले, हे बाईंनी सांगितलेले नाही. फळ्यावर ‘कोणाला’ बरोबर लिहिले असेल, तर माझ्या मते त्यांची निवड व्हायला हवी होती.

बदलीवर

मी बँकेत आहे. माहेर पुण्याचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी चार वर्षे बदली झाली होती. तेथे मोजमाप माझे झाले. मी तोंड उघडले की समोरचा माणूस अवघडून बसे, आणि ‘पुण्याच्या बाई’ कामात अडवणार असे गृहीत धरून कागद पुढे करी. मी कोथिंबीर मागितली तर भाजीवाल्याने ‘सांभार म्हनता का?’ असे विचारून ती दिली, पण त्याच्या नजरेत मी परकी होते. माझ्या बोलण्यावरून मला गर्विष्ठ ठरवले जाते, याचे मला वाईट वाटे.

आणि मी त्यांना गर्विष्ठ ठरण्याचे कारणही दिले. पीककर्जाच्या हंगामात एका शेतकऱ्याचा अर्ज संगणकावर भरताना त्याच्या नावाच्या शेवटचा ‘न’ मला चूक वाटला आणि मी तो ‘ण’ केला. सातबाऱ्यावर आणि आधारवर ‘न’ होता. नावे जुळली नाहीत, प्रकरण परत आले, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर त्याचे ११ दिवस गेले. तो तीन वेळा गावाहून आला. तिसऱ्या वेळी, कोणी गर्दीत ऐकू नये म्हणून खिडकीशी वाकून तो मला म्हणाला, ‘मायं नाव मायंच राहू द्या बाई.’

मुख्याध्यापक सरांचे म्हणणे मला पटते, परंतु सुधारणा करण्याची सवय लागली की ती फळ्यावर थांबत नाही. माझी माणसाच्या नावापर्यंत गेली. त्यानंतर मी विचारल्याशिवाय कोणाचे एक अक्षर बदलले नाही. ‘वावर’ (शेत) आणि ‘पऱ्हाटी’ (कपाशी) हे शब्द मी वापरू लागले, ते जवळीक दाखवण्यासाठी नव्हे, तर त्या शब्दांशिवाय त्या लोकांचे काम नीट समजत नसे म्हणून. शेत म्हटले की मला चित्र दिसते, पण वावर म्हटले की किती एकर, कोणाच्या नावावर, विहीर कोणाची, हे सगळे तो माणूस आपणहून सांगू लागे.

गणिताच्या बाई

सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये शाळेत एक मुलाखत होती आणि आधी ती पाहावी असे मी ठरवले होते.

मुख्याध्यापक सर, तुमचा प्रश्न मला फार लागला. त्या सरांनी फळ्यावर काय लिहिले होते हे मला आठवेना. मी जुनी नोंदवही काढली. मुलाखतीच्या दिवशी आम्ही फळ्याचे छायाचित्र काढून ठेवतो, तेही सापडले. सुवाच्य अक्षरात ‘त्रिकोणाचा बाह्यकोन’ असे लिहिलेले होते, पक्ष, साध्य, सिद्धता ओळीने होते आणि लेखनाची एकही चूक नव्हती. फळा माझ्या समोर २५ मिनिटे होता आणि मी तो वाचलेला नव्हता.

मी समितीत सर्वांपुढे हे सांगितले आणि छायाचित्र दाखवले. आता आम्ही दोन बदल केले आहेत. पाठ संपल्यावर प्रत्येक सदस्य आपला शेरा लिहून पाकिटात ठेवतो आणि त्यानंतरच चर्चा सुरू होते, आणि ज्येष्ठ सदस्य शेवटी बोलतो. ‘उच्चार’ हा रकाना काढून त्या जागी ‘मुलांना समजले का, हे कशावरून?’ आणि ‘फळ्यावरचे लेखन’ असे दोन रकाने केले आहेत. फळ्यावरच्या लेखनाच्या बाबतीत मी मुख्याध्यापक सरांच्या बाजूची आहे आणि राहणार आहे.

कानाविषयी प्रामाणिकपणे सांगते. परवाच्या उमेदवार नंदुरबारकडच्या होत्या. त्यांनी पहिले वाक्य उच्चारले आणि माझ्या मनात जे व्हायचे ते झालेच. फरक इतकाच पडला, की ते होते आहे हे मला त्या क्षणी कळले. मी कागदाच्या मागच्या बाजूला ‘कान’ असे लिहिले आणि समोरच्या मुलांच्या वह्यांकडे पाहू लागले. त्या पाठात नकारात्मक संख्यांचा गुणाकार मुलांना नीट समजला नव्हता, वह्यांवरून ते स्पष्ट दिसत होते, आणि मी तसे लिहिले. त्यांची निवड झाली नाही. तो निर्णय योग्य होता असे मला वाटते, तरीही घरी आल्यावर मी स्वतःला दोनदा विचारले, की तो वह्यांवरूनच झाला ना. पाकिटातले इतर तिघांचे शेरेही तेच सांगत होते, म्हणून मी निश्चिंत झाले. पूर्वी मी हे कोणत्या आधारावर तपासले असते, मला सांगता येणार नाही.

त्या सरांना मी भेटले नाही. पूर्णाकाठ, तुमचे म्हणणे मला त्याच दिवशी पटले होते. जूनपासून आमच्याकडे गणिताची एक जागा रिकामी होत आहे. जुन्या सर्व उमेदवारांना जशी सूचना पाठवली जाते तशी ती त्यांनाही कार्यालयाने पाठवली आहे. त्यांनी अर्ज केला तर त्या दिवशी मी समितीत बसणार नाही, असे मुख्याध्यापिकांना कळवले आहे. अद्याप त्यांचा अर्ज आलेला नाही.

पूर्णाकाठ

ताई, छायाचित्र तुम्ही सर्वांना दाखवलेत, हे वाचून बरे वाटले. मुख्याध्यापक सर, पाचवीत कोणी प्रेमाने शिकवले असते तर माझी वर्षे वाचली असती, हे खरे आहे. पण ‘प्रेमाने’ या शब्दावर मी अडलो. आमचे पाचवीचे गुरुजी आमच्याच गावचे होते. ते वर्गात ‘पाणी’ म्हणत आणि बाहेर विहिरीवर आमच्या वडिलांशी ‘पानी’ म्हणत. दोन्ही ठिकाणी त्यांचा चेहरा तोच असे. तेव्हा त्याचे मोल कळले नाही.

पुढच्या महिन्यात आई ठाण्याला येते आहे. माझ्या मुलीला तिने डोळ्याला ‘डोया’ आणि काळ्याला ‘काया’ म्हणायला शिकवले आहे, आणि मुलगी ते शाळेत बोलेल म्हणून मी मागच्या वेळी तिला अडवले होते. या वेळी अडवणार नाही. आई आली की शेजारच्या आगरी काकूंना जेवायला बोलावायचे ठरवले आहे.